गडावरचा फुकटचा मुक्काम
भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याचा एखादा ट्रेकर पाठीवर तंबू टाकून सह्याद्रीत निघाला, तर फुकटच्या मुक्कामासाठी त्याला आधी गुहा आठवतात. हरिश्चंद्रगडावर (१,४२४ मीटर) देवळालगतच्या कोरीव गुहांत ट्रेकरांच्या कित्येक पिढ्यांनी पथारी पसरली. केदारेश्वराच्या गुहेत मात्र गुडघ्याच्या वर गार पाणी, तिथे झोपणार कुठे! तंबूचं म्हणाल तर अमेरिकेत बऱ्याचशा सरकारी जमिनीवर साधारण १४ दिवस फुकट तंबू ठोकता येतो. इथे हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याचे नियम आधी विचारलेले बरे. चुलीबद्दल तर नक्कीच. पायथ्याला मोकळं दिसणारं रानही बहुधा कुणाचं तरी वावर निघतं. त्यापेक्षा पायथ्याच्या पाचनई गावात एखाद्या घरी विचारावं: अंगणात जागा आणि पैसे देऊन पिठलं-भाकरी.