धारपांच्या शेजारी पेंडसे ठेवा

'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा बेताचाच चालला. २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. या चित्रपटाच्या गोष्टीचं बीज भयकथाकार नारायण धारपांकडचं. नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं. पडद्यावर दोघांची गाठ पडली. वाचनालयात ती सहसा पडत नाही, कारण धारप 'रहस्य-गूढ'च्या कपाटात आणि पेंडसे 'सामाजिक'मध्ये. एकाचा वाचक दुसऱ्याच्या कपाटाकडे फिरकतही नाही, आणि मग 'आता नवीन काय वाचायचं?' म्हणून तक्रार करतो.

ही वर्गवारी पुस्तकं लावणाऱ्याच्या सोयीची आहे. लिहिणाऱ्यांनी ती फारशी मनावर घेतलेली नाही.

जी. ए. कुलकर्णींचंच बघा. त्यांच्या नावाभोवती अभ्यासक्रमाचा आणि समीक्षेचा इतका दबदबा, की धारपांचा चाहता लांबूनच नमस्कार करतो. पण 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' ही कथा काय आहे? एका परक्या प्रवाशाला गोड बोलून मठात नेतात, जमिनीखालच्या खोलीत कोंडतात आणि स्वामी करून टाकतात. कोणत्याही भयकथेला हेवा वाटावा असा हा सापळा. 'रमलखुणा'तल्या दोन्ही दीर्घकथा तर थेट अद्भुताच्या मुलखातल्या. उलट, जीएंच्या वाचकाने धारपांना 'एसटी स्टँडवरचं वाङ्मय' म्हणून झटकणं हा नुसता तोरा झाला.

जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' विज्ञानकथेच्या रकान्यात बसवतात. तिच्यात उत्खनन आहे, हेरगिरी आहे आणि शीर्षकात पुराणातला बटूही आहे.

विलास सारंग इराकमध्ये बसऱ्याला प्राध्यापक होते. 'एन्कीच्या राज्यात' (१९८३) या कादंबरीत त्यांनी तिथल्या हुकूमशाहीत राहणाऱ्या भारतीय प्राध्यापकाची गोष्ट सांगितली आणि नावात सुमेरियन देव आणून बसवला. हिला प्रवासाची कादंबरी म्हणावं, राजकीय म्हणावं की मिथकाची? अशा पुस्तकाला खण सापडत नाही, म्हणून वाचकही सापडत नाही.

जयंत पवारांनी गिरणगावाची पडझड लिहिताना वास्तव, गुन्हा आणि अद्भुत यांची सरमिसळ केली. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'ला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तर 'वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा'वर गुन्हेगारीपट निघाला. पुरस्काराच्या यादीतलाच लेखक गुन्हेगारी कथांच्या वाचकालाही धरून ठेवतो, हे यावरून दिसतं.

तेव्हा पुढचं पुस्तक शोधताना प्रकार विचारू नये, आवडलेल्या पुस्तकात नेमकं काय खेचून घेत होतं ते आठवावं. कोंडलेपण आवडलं असेल तर धारपांवरून जीएंकडे जावं. मुंबईची काळी बाजू आवडली असेल तर रहस्यकथांवरून पवारांकडे. दिवाळी अंकांची मागणी नोंदवतानाही नेहमीच्या अंकासोबत 'धनंजय' किंवा 'नवल'सारखा एखादा रहस्य-गूढकथांचा अंक मागवावा.

ग्रंथपालांनीही एक करावं. महिनाभर दाराजवळच्या टेबलावर 'तुंबाडचे खोत', धारपांची एखादी कादंबरी आणि 'पिंगळावेळ' शेजारी शेजारी मांडावीत, आणि वर प्रकाराची चिठ्ठी लावू नये.