कानांचे शिक्षण

चित्रपट संपून पडद्यावर नामावली सरकू लागली की प्रेक्षक उठून दाराकडे वळतात. नटनट्यांची नावे सर्वांस मुखोद्गत असतात. फार झाले तर दिग्दर्शकाचे व गायकाचे नाव ठाऊक असते. परंतु पावलांची चाहूल, पावसाची सर, दूरच्या आगगाडीची शीळ ज्यांनी आपल्या कानांपर्यंत पोहोचविली, त्यांचे नाव वाचावयास कोणी थांबत नाही. या उपेक्षित कलेविषयी विद्यार्थिमित्रांशी व त्यांच्या पालकांशी चार शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटते.

केरळातील विळक्कुपारा या खेड्यात रसूल पूकुट्टी यांचे बालपण गेले. गावात वीज नव्हती. शाळा मैलोगणती दूर. रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास करून हा मुलगा पुढे पदार्थविज्ञान शिकला आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. ‘प्रभात’च्या आवारात १९६० साली स्थापन झालेल्या या संस्थेतून १९९५ साली ते ध्वनिमुद्रणाचे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. २००५ च्या ‘ब्लॅक’ने त्यांना नाव दिले. त्या कथेच्या नायिकेला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. अशा चित्रपटाची ध्वनिरचना करावयाची म्हणजे शांततेचेही मोल जाणावे लागते. २००९ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी त्यांना इयान टॅप व रिचर्ड प्राईक यांच्यासमवेत ध्वनिमिश्रणाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. ‘पळशीराजा’ या मल्याळी चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री, हे सन्मानही त्यांना लाभले.

यात एवढे कठीण ते काय, असे कोणी विचारील. आपल्याकडे अनेक दशके अशी रीत होती की चित्रीकरणाच्या वेळचा आवाज सोडून द्यावयाचा आणि नटाने पुढे बंद खोलीत, पडद्याकडे पाहत, तेच संवाद पुन्हा म्हणावयाचे. त्यामुळे शब्द स्वच्छ येत; पण त्या क्षणीचा कंप, धाप, अडखळणे निसटून जाई. प्रत्यक्ष स्थळीच आवाज टिपावयाचा तर रस्त्यावरची गर्दी, कर्णे, पंखे, कावळे या सर्वांतून हवा तो स्वर वेचावा लागतो. कच्छमध्ये चित्रित झालेल्या ‘लगान’साठी नकुल कामटे यांनी हे साधले व २००१ च्या त्या चित्रपटास ध्वनीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मुंबईच्या गजबजाटात पूकुट्टी यांनी तेच करून दाखविले. आज ही पद्धत हिंदी-मराठी चित्रपटांत रूढ झाली आहे, त्यात अशा कष्टाळू मंडळींचा वाटा मोठा आहे.

तथापि याच पूकुट्टी यांनी २०२० साली जाहीरपणे सांगितले की ऑस्कर मिळाल्यावर हिंदी चित्रसृष्टीत त्यांना कामच मिळेनासे झाले होते. जगाने डोक्यावर घेतलेल्या माणसाची घरी ही कथा! पारितोषिक परदेशातून येऊ शकते. कामाची कदर मात्र घरच्यांनीच करावी लागते.

बडोद्यास कानांच्या शिक्षणाची परंपरा नवी नाही. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली. उस्ताद फैयाजखाँ याच दरबारचे गवई. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके येथल्याच कलाभवनात शिकले. त्याच नगरीत आज मांडवीवरून मिरवणूक जाऊ लागली की भोंग्यांच्या भिंतींनी खिडक्या थरथरतात. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद ठेवावेत आणि शाळा-इस्पितळांभोवती शंभर मीटर शांतता राखावी, असा नियम सन २००० पासून आहे. तो पाळण्यास आपणांस पोलीस का लागावेत? अतिगोंगाटाने गेलेले ऐकणे सहसा परत येत नाही. बहिऱ्या होत चाललेल्या गावात उद्याचा ध्वनिकार कोठून निपजावा?

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पालकहो, मुलगा यंत्रे खोलून आवाजाशी खेळत बसला तर तो वाया गेला असे मानू नका. शाळेने वार्षिक संमेलनात नटांबरोबर ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यासही बक्षीस द्यावे. आणि विद्यार्थिमित्रहो, एखाद्या पहाटे मांडवीच्या कमानींखाली डोळे मिटून पाच मिनिटे उभे राहा. देवळाची घंटा, दुधाच्या किटल्या, रिक्षाचे पहिले गुरगुरणे, कबुतरांची फडफड यांतले काय काय ओळखता आले, ते वहीत लिहून काढा. पाहणे आपणांस पुस्तके शिकवितात. ऐकणे मात्र ज्याचे त्यानेच शिकावे लागते.