डोके दुखते, हे सांगू द्या



हिमालयातील ट्रेकसाठी पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या गटांच्या सामानात आता बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हमखास असतो. संध्याकाळी तंबूत सगळ्यांची बोटे तपासली जातात, आकडे वहीत उतरतात आणि ज्याचा आकडा चांगला तो ठणठणीत, असे धरून दुसऱ्या दिवशीची चढाई ठरते. ‘काही होतंय का?’ हा प्रश्न मात्र जेवणाच्या घाईत, सगळ्यांदेखत एकदाच विचारला जातो. यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच निष्काळजीपणे उरकला जातो, अशी या पत्राची तक्रार आहे.

विरळ हवेमुळे होणारा तीव्र आजार, म्हणजे ट्रेकर ज्याला एएमएस म्हणतात तो, ओळखण्यासाठी रक्ताची किंवा यंत्राची एकही खात्रीची चाचणी आजवर नाही. तो कळतो रुग्णाच्या सांगण्यावरून. कॅनडातील लेक लुईस येथे १९९१ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी यासाठी गुणांकन ठरवले, ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी (भूक मरणे, मळमळ, उलटी), थकवा आणि चक्कर अशी चार लक्षणे; प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. नुकतीच उंची गाठलेल्या माणसाला डोकेदुखी असेल आणि बेरीज तीन किंवा त्याहून जास्त भरली, तर एएमएस समजायचा. पूर्वी यात झोपमोडही होती. पण उंचीवर झोप अनेकांची बिघडते आणि बाकीच्या लक्षणांशी तिचा मेळ बसत नाही, म्हणून ती २०१८ मध्ये वगळली गेली. प्रवासाचा शीण आणि आजार यांची गल्लत टाळण्यासाठी वर पोहोचल्यावर किमान सहा तासांनी गुण द्यावेत, असेही तेव्हा ठरले. सकाळी मुंबईत समुद्रसपाटीवर असलेला माणूस त्याच दिवशी लेहच्या साडेतीन हजार मीटरवर उतरतो. त्याच्याकडून विमानतळावरच फॉर्म भरून घेण्यात म्हणून काही हशील नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की लोक खरे सांगत नाहीत, यंत्र खोटे बोलत नाही. पण लेहसारख्या उंचीवर नव्याने आलेल्या निरोगी माणसाचे ऑक्सिजनचे प्रमाण नव्वदीच्या खाली जाणे नवलाचे नाही आणि चांगला आकडा असलेल्यालाही एएमएस होतो. थंडीने गारठलेल्या बोटावर तर यंत्राचा भरवसाच नसतो. उलट विचारपूस किती सांगून जाते, हे नेपाळमध्ये दिसले आहे. एव्हरेस्टच्या वाटेवर ४,२४३ मीटरवरच्या फेरिचे येथे पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी यांनी २७८ पदयात्री तपासले आणि १९७६ मध्ये निष्कर्ष मांडले: ५३ टक्क्यांना एएमएस होता, आणि विमानाने थेट २,८०० मीटरवर उतरून चालत आलेल्यांत त्याचे प्रमाण जास्त होते. त्याआधी १९६९ मध्ये इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी हिमालयातील १,९२५ भारतीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. या आजाराच्या आधुनिक अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो.

मग लोक लपवतात का? लपवतात, आणि त्याला कारणे आहेत. वर्षभर साठवलेली रजा, आगाऊ भरलेले पैसे, परत न मिळणारे विमानाचे भाडे आणि आपल्यामुळे गट अडकेल ही भीती. एखादा सकाळीच डोकेदुखीची गोळी घेतो आणि संध्याकाळी डोकेदुखीपुढे प्रामाणिकपणे शून्य लिहितो. गोळी घेतली का, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. कळसूबाईवर धावत जाणारा तरुण तर हे बोलायला आणखीच कचरतो. पण कळसूबाई १,६४६ मीटरवर संपते आणि सह्याद्रीत कमावलेला दम एएमएसपासून वाचवत नाही. दोष प्रश्नावलीचा नाही. खरे उत्तर देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, दोष तिथे आहे.

स्वतःच्या सांगण्याला मर्यादाही आहेत आणि त्या गंभीर आहेत. मेंदूला सूज येऊ लागली, की माणसाला आपले काय होते आहे याचेच भान राहत नाही. तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि तोल जातो. अशा वेळी टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालवून पाहणे आणि तंबूतल्या सोबत्याला विचारणे हाच मार्ग. फुप्फुसात पाणी भरू लागले, तर डोके अजिबात न दुखताही जीव धोक्यात येतो. बसल्या जागी लागणारी धाप आणि न थांबणारा खोकला या चार रकान्यांत कुठेच बसत नाहीत. शिवाय लेक लुईसचे गुणांकन मुळात संशोधनासाठी तयार झाले, निदानाचा शिक्का म्हणून नव्हे, हे ते करणाऱ्यांनीच स्पष्ट केले आहे. बेरीज दोन आली म्हणून कोणालाही वर ढकलू नये. उंचीवर बरे वाटत नसेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असे समजावे आणि लक्षणे जाईपर्यंत आणखी चढू नये, हा हिमालयातला जुना नियम त्या बेरजेपेक्षा वरचा आहे.

म्हणून गट नेणाऱ्या संस्थांकडे काही मागण्या. लक्षणे सकाळ-संध्याकाळ एकेकाला बाजूला घेऊन, त्याच्या भाषेत विचारावीत आणि लिहून ठेवावीत. घेतलेल्या गोळ्यांची नोंद त्यातच असावी. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून अधिक वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस असावा, म्हणजे थांबायची गरज असलेल्याला वेगळे पडावे लागणार नाही. आणि सर्वांत आधी पैशाचे: जो त्रास सांगेल त्याच्यासोबत खाली उतरायला माणूस मिळेल, त्याचा खर्च शुल्कातच धरलेला असेल आणि राहिलेल्या दिवसांचे पैसे ठरलेल्या प्रमाणात परत मिळतील, हे माहितीपत्रकात छापलेले असावे. येत्या हंगामाचे आरक्षण करणाऱ्या वाचकांनी पैसे भरण्याआधी हा मजकूर मागून घ्यावा आणि तो नसेल तर तसे त्या संस्थेला लेखी कळवावे.

— एक वाचक, पुणे