पुरेल एवढाच आवाज

मंडळी, आधीच सांगून टाकते. गेला महिनाभर आमच्याकडे एका वादाने चांगलाच जोर धरला आहे आणि त्यात माझी बाजू पक्की ठरलेली आहे. वाद राजकारणाचा नाही आणि पाण्याचाही नाही (तो मार्च उजाडला की न बोलावता येतोच!). वाद आहे युकुलेलेसाठी कोणता अँप्लिफायर घ्यायचा याचा. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईने यात का पडावं, असं नाशिकचे भाऊजी म्हणतीलच. पण पडले आहे खरी.

झालं असं की धाकट्या नातीने सुट्टीत आणलेला युकुलेले जाताना इथेच ठेवला. शिरपामाळच्या बाजूच्या पाड्यांवरची पाच-सहा मुलं रविवारी माझ्याकडे अभ्यासाला येतात, ती त्याला चिकटली. त्यातली सातवीतली एक मुलगी तर चार महिन्यांत घरची, आजीकडून ऐकलेली गाणी त्यावर लावू लागली. आवाज गोड, पण अगदी बारीक. 26 जानेवारीला पटांगणात ती गायली, आणि दुसऱ्या रांगेपुढे कुणाला काही कळलं नाही. त्यावरून वर्गणीची कल्पना निघाली. वर्गणी जमली, आणि मग दोन तट पडले. तरुण मंडळी म्हणतात, चाकांचा मोठा ट्रॉली स्पीकर घेऊ, सगळ्यांच्याच उपयोगाला येईल. मी म्हणते, पाच किलोच्या आतबाहेरचा, पेन्सिल सेलवर चालणारा छोटा अँप्लिफायर घ्या, आणि तो वाजवणाऱ्या मुलांच्याच हातात राहू द्या.

ज्यांनी हे वाद्य पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख. युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड, नायलॉनच्या चार तारांचं. 1879 साली मदैरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांवर काम करायला रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजाने हवाईला पोचले. त्यांच्यातल्या काही सुतारकाम जाणणाऱ्यांनी आपल्या गावाकडच्या लहान तंतुवाद्यावरून हे वाद्य घडवलं. हवाईचा राजा कालाकाउआ याने ते दरबारात उचलून धरलं. नावाचा अर्थ ‘उडी मारणारी पिसू’ असा सांगतात. म्हणजे बघा, मळ्यावर राबायला गेलेल्या माणसांच्या सामानातून निघालेलं हे वाद्य! वीटभट्टीवर आणि भातलावणीला दूरदूर जाणाऱ्या आमच्या पाड्यांवर ते रुजलं, याचं म्हणूनच मला नवल वाटत नाही.

आता मुद्द्याचं. माझं विज्ञान शाळेपुरतंच, म्हणून इलेक्ट्रॉनिक्समधल्या भाच्याला दोन संध्याकाळी फोनवर धरलं आणि समजेपर्यंत सोडलं नाही. त्याने सांगितलेलं माझ्या भाषेत देते.

पहिली गोष्ट स्वरांची. युकुलेलेच्या तारा साधारणपणे पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा अशा लावतात. त्यातला सर्वांत खालचा स्वर मधल्या सप्तकातली पांढरी एक, म्हणजे सुमारे 262 हर्ट्झ. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झपर्यंत खाली जाते. मोठे, जडशीळ स्पीकर लागतात ते असल्या खर्जासाठी. युकुलेलेत खर्ज नाहीच, तर त्याची पेटी तरी कशाला वाहायची? सहा-साडेसहा इंचांचा स्पीकर त्याला आणि बारीक गळ्याच्या मुलीला भरपूर झाला.

दुसरी गोष्ट वॅटची. दुकानदार वॅटचा आकडा तांदळाच्या किलोसारखा सांगतो, जणू दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज. तसं नसतं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने चढतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. म्हणजे 5 वॅटच्या जागी 50 आणले तरी पदरात पडणार दुप्पटच. उलट उघड्या जागी ऐकणाऱ्याचं अंतर निम्मं केलं की 6 डेसिबल फुकट मिळतात! म्हणून पेटी मोठी आणण्याआधी ती माणसांच्या जवळ ठेवा. आमच्या अंगणात साठ-सत्तर माणसं बसतात, त्यांना 5 वॅट पुरतात. रोलँड कंपनीचा क्यूब स्ट्रीट नावाचा अँप्लिफायर रस्त्यावर उभं राहून गाणाऱ्यांसाठीच काढलेला. त्यात अडीच-अडीच वॅटचे दोन स्पीकर आहेत आणि तो सहा पेन्सिल सेलवर चालतो. त्यावर गाणाऱ्यांनी शहरांच्या चौकांत गर्दी जमवलेली आहे. मग आमचं अंगण काय मोठं?

तिसरी गोष्ट जोडणीची, आणि ती दुकानात बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. युकुलेलेच्या आत, घोडीखाली, पिकअप बसवतात. तारेची थरथर पकडून तो तिची वीज करतो. ही वीज फार नाजूक असते. ती साध्या माइकच्या भोकात नेली की आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. तिला वाद्यासाठी केलेलं वेगळं भोक लागतं. ट्रॉली स्पीकरमध्ये बहुधा माइकची भोकं असतात, ती भाषणासाठी. म्हणून घेताना एक वाद्यासाठी आणि एक माइकसाठी अशा दोन वाटा आहेत का, आणि दोहोंचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो का, एवढं नक्की विचारा. पिकअप नसेल तर माइक समोर धरूनही भागतं, पण मग स्पीकर माइकच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे करून ठेवायचा. मागे ठेवला की शिट्टी वाजलीच म्हणून समजा.

आणि ब्लूटूथ? पुण्याच्या सूनबाईने विचारलं होतं म्हणून सांगते. घरातल्या ब्लूटूथ स्पीकरवर गाणी ऐकायला मजा येते, पण त्यात आवाज पोचायला क्षणाचा उशीर होतो. ऐकणाऱ्याला तो कळत नाही, वाजवणाऱ्याचा मात्र ताल पार बिघडतो. बोट आत्ता पडलं आणि स्वर मागाहून आला तर मूल गोंधळणारच. वाजवायला वायरच हवी.

चौथी गोष्ट विजेची. पावसाळ्याचे चार महिने जव्हार-मोखाड्याकडची वीज कधी जाईल आणि कधी येईल हे सांगणाऱ्याला मी साष्टांग नमस्कार घालीन. आतली लिथियम बॅटरी सुरुवातीला छान चालते, पण चार-पाच वर्षांनी तिचा जीव कमी होतो आणि बदलून द्यायला इथे कोण बसलंय? पेन्सिल सेल मात्र बाजारात कुठेही मिळतात. पुन्हा भरता येणारे सेल घेतले तर वीज असेल तेव्हा भरून ठेवता येतात. दमट हवेत पडून राहिलेले सेल गळतात, म्हणून कार्यक्रम झाला की काढून ठेवायचे. बारा वर्षांच्या मुलीला एवढं सगळं करता येतं.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ते मी खोटं म्हणत नाही. मोठा स्पीकर ग्रामसभेला, 15 ऑगस्टला, लग्नाला, हळदीला, सगळीकडे चालेल, पैसा वसूल होईल. अगदी बरोबर. पण तो कुणाच्या ताब्यात राहील, एवढं मला सांगा. पंधरा-वीस किलोची पेटी म्हणजे ती आणा-न्यायला मोठी माणसं, ठेवायला कुणाची तरी खोली, त्या खोलीला कुलूप आणि कुलपाची किल्ली कुणाच्या तरी खिशात. नंतर त्या मुलीला गायचं असेल तर आधी चार जणांना विचारावं लागेल. ती विचारणार नाही. चाळीस वर्षं वर्गात काढल्यावर मागच्या बाकावरच्या मुली मला चांगल्या ठाऊक आहेत. त्या पाणी प्यायला जाऊ का म्हणूनसुद्धा विचारत नाहीत. पैसा वसूल झाला, पण ज्या आवाजासाठी वर्गणी काढली तोच आवाज बाहेर राहिला, असं व्हायला नको.

शिवाय मोठी पेटी आली की मोठ्याने वाजवण्याचा मोह येतोच. आमच्या भागातल्या लग्नांत डीजे शिरला आहे हे तुम्ही पाहिलंच असेल. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. नियम कागदावर आहे. पण कायद्यापेक्षा मला काळजी वाटते ती तारप्याची.

तारपा म्हणजे वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नाचणारे कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात, तारप्याला पाठ न दाखवता. सगळे जवळ असतात, मधे स्वर असतो, म्हणून त्याला कसलीच पेटी लागत नाही. आमच्याच तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना या वाद्यासाठी 2026 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सगळ्या जव्हारला किती आनंद झाला! पण त्याच पाड्यांवर डीजेच्या शेजारी उभं राहून तारपा वाजवून पाहा. तारपा काही कमी आवाजाचा नाही, तरी तो तिथे ऐकू येणार नाही. एक आवाज वाढवताना दुसरा मरणार नाही ना, हे आधी बघायला हवं, असं माझं मत आहे. छोटा अँप्लिफायर युकुलेलेला तारप्याच्या जोडीला आणून बसवतो. मोठा दोघांनाही गिळतो.

कुणी म्हणेल, बाई, मग अँप्लिफायर तरी कशाला? मुलीलाच मोठ्याने गायला शिकवा ना! गळा ताणून गायलं की तिच्या आजीचं गाणं तिच्या आजीचं राहत नाही. ती गाणी घरात, चुलीपाशी, मांडीवरच्या पोराला ऐकू जातील एवढ्याच आवाजात म्हटली जात. तशीच, तितक्याच हळू ती चाळीस फुटांवरच्या माणसाला ऐकू यावीत, हे काम यंत्राने करावं. यंत्राकडून माझी अपेक्षा इतकीच आहे.

1664 साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज शिरपामाळला थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचं तिथे स्वागत केलं, असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. त्या माळावर मोठमोठी भाषणं पुष्कळ झाली आहेत, पुढेही होतील, त्यांना कर्णे मिळतीलच. ही वर्गणी मात्र मुलांच्या गाण्यासाठी निघाली आहे.

तेव्हा येत्या रविवारच्या बैठकीत मी मांडणार आहे ते असं: पाच किलोच्या आसपास वजन, पेन्सिल सेलवर चालणारा, वाद्याला आणि माइकला वेगळ्या वाटा, वर पाणी उडू नये म्हणून कापडी पिशवी, आणि ठेवायची जागा मुलं ठरवतील ती. उरलेल्या पैशांत दुसरा एक युकुलेले आणि जास्तीच्या तारा. हात वर करून मत घेणार आहेत म्हणे. मुलांचे हातही मोजा, असं मी आधीच सांगून ठेवलं आहे. त्यावर एक-दोघांची तोंडं वाकडी झाली, होऊ देत!

असो. काय ठरतं ते कळवीनच. तुमच्यापैकी कुणी असं यंत्र वापरलं असेल तर त्याचे सेल किती दिवस टिकतात, तेवढं मात्र रविवारच्या आत जरूर सांगा.