घोड्याची बाजू

मराठी भाषेने घोड्यावर अन्याय केला आहे, असा माझा स्पष्ट आरोप आहे. काम थांबलं की 'घोडं अडलं', अडचण सापडेना झाली की 'घोडं कुठं पेंड खातं', उशीर झाला की 'वरातीमागून घोडे'. उशिराची दुसरी म्हण 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी'. म्हणजे घोडा बदनाम आणि बंबही बदनाम. वास्तविक हे दोघे एके काळी एकत्र जुंपलेले असत, आणि त्यांच्या धावण्याकडे गाव कौतुकानं बघत असे.

आमच्या कुंभारीत हे मत मांडायची सोय नाही. शेजारचे अण्णा लगेच म्हणतात, "काय मास्तर, घोडं घेऊन बसलात! आताच्या बंबात दोनशे घोड्यांची ताकद असती की ओ!" असते ना. पण ती मोजायला अजून घोडाच लागतो, हे अण्णा सोयीस्करपणे विसरतात.

आमच्या पिढीचा बंब न्हाणीघरात असायचा. तांब्याचा, पोटात निखारे, भोवती पाणी. व्हिक्टोरिया राणीच्या लंडनातला आगीचा बंब म्हणजे हाच, फक्त चाकांवर बसवलेला. पोटात कोळसा, त्याची वाफ, वाफेवर पंप. आग विझवायला निघताना आग बरोबर न्यायची! १८२९ साली ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी असा पहिला बंब केला, तेव्हा जाणत्या लोकांनी नाकं मुरडली. तो रुजायला तीसेक वर्षं गेली. (जाणत्या लोकांचं हे काम सर्व देशांत सारखंच असतं.) पुढे मात्र ठाण्यातच बंबाचं पाणी गरम ठेवू लागले. घोडे दौडत असताना वाटेतच वाफ धरायची. घोडेही बहुतेक भाड्याचे, थॉमस टिलिंग नावाच्या बग्गीवाल्याकडचे. आपण ज्याला 'भाडोत्री तट्टू' म्हणून हिणवतो, त्यानं लंडन राखलं.

आणि वर बसलेले लोक 'हाय! हाय!' असं ओरडत जात. आपल्याकडे ही आरोळी रस्ता अडवण्यासाठी देतात. तिथे ती ऐकून लोक रस्ता सोडत. माझा सगळा वाद या एका फरकाचा आहे.

मुंबईचंही तेच. आगीचं काम आधी पोलिसांकडे असे, ते १८८७ साली महापालिकेकडे आलं. बंब घोड्यांचेच. १९०७ साली पहिला मोटारबंब आला आणि मग घोड्यांची हळूहळू पेन्शन निघाली.

"घोडं आजारी पडलं तर?" हा अण्णांचा हुकमी सवाल. पडलं होतं. १८७२ साली अमेरिकेत घोड्यांची साथ आली, आणि नोव्हेंबरात बोस्टनला आग लागली. माणसांनी दोर धरून बंब ओढले. साडेसातशेहून अधिक इमारती जळाल्या. सगळ्यांनी बोट घोड्याकडे दाखवलं. चौकशी झाली, तेव्हा घोड्यांअभावी झालेला उशीर थोड्या मिनिटांचाच निघाला. पाण्याचे जुने, अरुंद नळ हे मोठं दुखणं होतं. घोडा निर्दोष सुटला! मराठी म्हणींना मात्र अजून ही बातमी कळलेली नाही.

आता आमच्याकडे बघा. २००६ साली इथे विडी कामगार बायांची दहा हजार घरं उभी राहिली. मग रे नगरची तीस हजारांची योजना आली. त्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली. म्हणजे कुंभारी हे नावापुरतं खेडं. सोलापूरकडून येणाऱ्या अक्कलकोट रस्त्यावर औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या टॉवेलच्या एका कारखान्यात १८ मे २०२५ च्या पहाटे आग लागली आणि आठ माणसं गेली. त्यात एक तान्हं मूल होतं. इथे मला विनोद सुचत नाही, सुचूही नये. ती आग कशानं लागली, कोणाचं काय चुकलं, यावर मी बोलणार नाही. तो माझा अधिकार नाही. माझं म्हणणं आपल्या वाटणीच्या कामाबद्दल आहे. बंब कुठूनही येवो, तो शेवटी आपल्याच गल्लीतून यायचा असतो.

त्या गल्लीत आपण काय करतो? दारापुढे हौसेनं, स्वखर्चानं गतिरोधक घालतो. मोटार रस्त्यावर ठेवतो आणि अंगणात तुळशीशेजारी मोटारसायकल. दुकानाची पायरी दर दिवाळीला वीतभर पुढे सरकते. मग आग लागली की बंबाच्या नावानं शंख करायला आपणच पुढे! दोनशे घोड्यांची ताकद असली, तरी एका उभ्या ट्रकपुढे दोनशेच्या दोनशे घोडे एकदम अडतात. दोन असते तर निदान वळवून आणता आले असते.

परवा अण्णांच्या नातवाचं लग्न झालं. गल्ली आडवी झाकणारा मांडव. मी विचारलं, "अण्णा, बंब कुठनं जाणार?"

"दोनच दिवसांचं काम की ओ मास्तर. आग काय दोन दिवस थांबत नाही?"

मी घरातून शिंप्याची टेप आणून खांबांमधलं अंतर मोजलं. साडेसहा फूट. बंबाला आठ लागतात. घोडा मात्र आरामात जातो. संध्याकाळी गेलाही, वर नवरदेव बसवून, आणि वरातीच्या पुढे.