घर विकणे आहे, बहिणींच्या सहीसकट

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी दोघे भाऊ माझ्याकडे आले. थोरला कुवेतला असतो, सुट्टीवर आला होता. धाकटा मुंब्र्याला राहतो, माझा जुना विद्यार्थी. त्यांच्या वडिलांचं घर विकायचं होतं. "सर, एक छानशी जाहिरात लिहून द्या. मराठीतही आणि उर्दूतही."

घर मी पाहिलेलं आहे. वाशिष्ठीच्या काठावरचं आमच्याकडचं गाव, नाव सांगत नाही. वडिलांनी एकतीस वर्षं कुवेतला काढली आणि सर्विसचा हिशेब घेऊन परत आले. २२ जुलै २०२१ च्या पुरात जुनं घर छातीपर्यंत पाण्यात गेलं, तेव्हा ते पाडून त्याच जागेवर नवीन बांधलं. जांभ्या चिऱ्याचं, दुमजली, वर स्लॅब. जोतं जुन्यापेक्षा चार फूट उंच. मागे विहीर, सात माड, एक फणस. दोन मुलगे, तीन मुली आणि नातवंडं ईदला एकत्र जमतील म्हणून सहा खोल्या. त्या घरात एकच ईद झाली. पुढच्या रमजानआधी ते गेले. आता आई धाकट्याकडे मुंब्र्याला आणि घराला कुलूप.

घर विकण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कुलूपबंद घराला वाळवी लागते. कोकणात अशी घरं गावोगाव आहेत, आखाती पैशातून उभी राहिलेली आणि वर्षातून पंधरा दिवस उघडणारी. मी जाहिरात लिहायला घेतली. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात थोरल्याने पिशवीतून आणखी एक कागद काढला. हक्कसोडपत्राचा मसुदा. "सर, हे जरा बहिणींना उर्दूत समजावून सांगा. त्या उर्दू शाळेत शिकल्या. असलं कचेरीतलं मराठी त्यांना कळत नाही. मंगळवारी सह्या आहेत."

मी कागद वाचला. तिघी बहिणी आपला हक्क "राजीखुशीने, विनामोबदला, कोणाच्याही दबावाशिवाय" दोघा भावांच्या लाभात सोडून देत होत्या. आईचाही हक्क त्याच कागदात सोडलेला होता, एका ओळीत.

मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे असा कागद वाचताना शब्द कुठून आले तेही दिसतं. हक्क अरबी, वारस अरबी, मोबदला अरबी. राजी अरबी, खुशी फारसी. सबंध कागदात मनापासून मराठी असा शब्द एकच सापडला: सोड. शब्द आपल्या दीनच्या भाषेतून घ्यायचे आणि काम नेमकं दीनच्या उलट करायचं, असा हा कागद.

मी विचारलं, "बहिणींचा हिस्सा किती होतो, काढलाय का?" थोरला म्हणाला, "सर, त्यांना काही नको. विचारलंय."

हिस्सा त्यांनी काढलाच नव्हता. मग मी पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवला. तो इथेही मांडतो, कारण आपल्यापैकी शिकलेल्या माणसांनाही हा हिशेब येत नाही. आठवीच्या मुलालाही जमेल इतका तो सोपा आहे.

घराची अपेक्षित किंमत ४४ लाख. वरच्या मजल्यासाठी थोरल्याने वडिलांना ४ लाख दिले होते. ते कर्ज धरू. कर्ज आणि वसीयत वाटणीच्या आधी वजा होते, तसा हुकूमच आहे. वसीयत नव्हती. उरले ४० लाख. मयताचे आईवडील आधीच वारलेले. मुलंबाळं आहेत म्हणून पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे ५ लाख. राहिले ३५ लाख. मुलाला दोन भाग, मुलीला एक. दोन मुलगे आणि तीन मुली मिळून सात भाग. एक भाग ५ लाखांचा. प्रत्येक मुलाला १० लाख, प्रत्येक मुलीला ५ लाख. हिशेब संपला. आमच्याकडचे बहुतेक कोकणी मुसलमान शाफई, बाहेरचे बरेच हनफी. या उदाहरणात दोन्हीकडे उत्तर एकच येतं.

मसुद्याप्रमाणे मात्र थोरल्याला त्याचे ४ लाख धरून २४ आणि धाकट्याला २० लाख मिळणार होते. तीन बहिणींचे १५ आणि आईचे ५, असे २० लाख दोन शब्दांत गेले: विनामोबदला आणि राजीखुशी.

आता मला माहीत आहे, काय काय सांगितलं जाईल. त्या दिवशीही सांगितलं गेलं.

पहिलं: "त्यांच्या लग्नात खर्च केला." केला असेल. पण वारसा वडिलांच्या मृत्यूनंतर निर्माण होतो आणि लग्नाचा खर्च त्यातून वजा करावा असं कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय लग्न भावांचंही झालं. थोरल्याच्या व्हिसाचे पैसे, धाकट्याच्या डिप्लोमाची फी, ते कुणी भरलं? तो खर्च "मुलांचं शिक्षण" आणि मुलीचा खर्च तेवढा "हिस्सा आगाऊ दिला"? जहेज हा आपणच उभा केलेला रिवाज आहे. एक चूक केली म्हणून दुसरी चूक माफ होत नाही.

दुसरं: "आईला आम्ही सांभाळतो." सांभाळता, चांगली गोष्ट. पण मुलाला दुप्पट हिस्सा आहे तो घरखर्चाची जबाबदारी त्याच्यावर आहे म्हणूनच. जबाबदारी दाखवून दुप्पट घ्यायचं आणि तीच जबाबदारी पुन्हा दाखवून बहिणीचाही भाग घ्यायचा, हा एकाच पावतीवर दोनदा पैसे वसूल करण्याचा प्रकार झाला. आणि आईच्या ५ लाखांचं काय? तिला सांभाळायचं आहे म्हणून तिचे पैसे काढून घ्यायचे?

तिसरं, सगळ्यात गोड: "बहिणीच म्हणतात, आम्हाला काही नको." बरोबर, म्हणतात. का म्हणतात, हे एकदा त्यांच्या जागी बसून बघा. हिस्सा मागितला की माहेर तुटतं. ईदला बोलावणं येत नाही. नवऱ्याने उद्या घराबाहेर काढलं तर जायला दार राहत नाही. भाऊ आणि ५ लाख यांतून एक निवड असं आपण तिला न बोलता सांगतो. ती भाऊ निवडते आणि त्या निवडीला आपण राजीखुशी म्हणतो. खरंच राजीखुशी बघायची असेल तर एक सोपी परीक्षा आहे. आधी ५ लाख तिच्या स्वतःच्या खात्यात टाका आणि सहा महिने एक शब्द बोलू नका. मग तिने आपणहून परत केले तर ती राजीखुशी.

चौथं, जरा हुशार लोकांचं: "वडिलांनी हयातीतच मुलांच्या नावे हिबा केला असता तर?" काही जण करतातही. त्यांनी नुमान बिन बशीर यांची हदीस वाचावी. त्यांच्या वडिलांनी एका मुलाला भेट दिली आणि रसूलुल्लाह (स.) यांना साक्षीदार व्हायची विनंती केली. बाकीच्या मुलांना तेवढंच दिलं का, असं विचारलं गेलं. नाही म्हटल्यावर साक्ष नाकारली गेली. आपल्याकडे असल्या दस्तांना साक्षीदार मिळायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पाचवं: "हिंदूंमध्ये तरी कुठे देतात?" हेही खरं आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला, तरी दुय्यम निबंधक कार्यालयातल्या बाकड्यांवर सही करायला बसलेल्या बहिणी सगळ्या धर्मांच्या असतात. पण आपल्या मुलींना चौदाशे वर्षांपूर्वी हिस्सा मिळाला हे सभेत अभिमानाने सांगणारे आपण आहोत. अभिमान आपला, तर हिशेबही आपल्यालाच विचारला जाणार.

थोडा इतिहासही सांगतो, कारण तो विसरला गेलाय. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन समाजातलं वारशाचं प्रकरण गेलं. मुलींनी कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी समाजाचा रिवाज मानला आणि मुलींना हिस्सा नाकारला. पुढे १९३७ चा शरीयत कायदा आला. रिवाजामुळे मुसलमान बायकांचे हक्क बुडतात, हे तो आणण्याचं एक उघड सांगितलेलं कारण होतं. त्यातही शेतजमीन वगळली गेली. म्हणजे ज्या कायद्याच्या नावाने आपण आज भावनिक होतो, तो कायदाच मुळात बहिणीचा हिस्सा वाचवण्यासाठीही आला होता.

२०१८ साली तलाकच्या विधेयकाविरुद्ध मालेगावात, मुंबईत मोर्चे निघाले. हजारो बायका रस्त्यावर आल्या. शरीयतमध्ये ढवळाढवळ नको, अशी त्यांची मागणी होती. त्या मोर्चाला बहिणींना गाडी करून पाठवणारे भाऊ मला माहीत आहेत. माझा त्यांना साधा प्रश्न आहे. सूरह निसाच्या सातव्या, अकराव्या आणि बाराव्या आयतीत तुम्ही जी ढवळाढवळ करता तिच्याविरुद्ध मोर्चा कुठे काढायचा? थोडं असो वा जास्त, बाईचा हिस्सा ठरलेला आहे, असं तिथे सांगितलंय. वाटणीच्या त्या आयतींनंतर लगेच ताकीद आहे की या अल्लाहने आखलेल्या हद्दी आहेत. इतक्या वर्षांत मी शेकडो जुम्यांची बयानं ऐकली. दाढी, पायजम्याची लांबी, वाढदिवसाचा केक, सगळं ऐकलं. बहिणीच्या हिश्श्यावर अख्खं बयान दोनदाच ऐकलं.

हमीद दलवाईंचं मिरजोळी याच वाशिष्ठीच्या खोऱ्यात आहे. त्यांचं नाव काढलं की आपल्यात दोन तट पडतात. पण या प्रश्नावर तट पडायचं काही कारण नाही. इथे नवा कायदा मागायचा नाही आणि जुना बदलायचा नाही. जो मानतो असं म्हणतो, तो पाळायचा आहे.

आता माझ्याबद्दल, कारण इथवर वाचून कुणीतरी विचारेलच.

२०११ साली आमच्या वडिलांचं घर विकलं गेलं. ९ लाख आले. आई आधीच गेलेली. आम्ही दोन भाऊ, एक बहीण. पाच भाग, बहिणीचा एक: १ लाख ८० हजार. तिला शून्य मिळालं. कागद मीच तिला उर्दूत समजावून सांगितला होता. घरात बीएड झालेला मीच होतो. "यात फक्त सही आहे, बाकी काही नाही," असं मी तिला म्हणालो होतो. भाषेच्या शिक्षकाने आयुष्यात केलेलं सर्वात वाईट भाषांतर ते.

माझ्याकडे साडेचार लाख आले, माझे होते ३ लाख ६० हजार. तेरा वर्षांनी, २०२४ मध्ये, जास्तीचे ९० हजार मी तिला दिले. तेरा वर्षांत ९० हजारांचं काय मोल राहिलं, ते मलाही कळतं. तिने पैसे हातात घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "भाईजानना सांगितलंस का? ते रागावतील." पन्नाशीला आलेली बाई स्वतःचेच पैसे घेताना भावाच्या रागाला घाबरत होती. त्या दिवसापासून राजीखुशी हा शब्द मला कागदावर बघवत नाही. भाईजानचे ९० हजार अजून बाकी आहेत. हे लिहिल्यावर ते माझ्याशी बोलणार नाहीत, तेही मला माहीत आहे.

म्हणून काही मागण्या, आपल्यापैकी ज्याला ज्या लागू पडतील त्या.

घर घेणाऱ्यांनो, तुम्ही नदीकाठचं घर घेताना २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं विचारता, निळी पूररेषा, लाल पूररेषा बघता. त्याच वेळी वारस किती आणि बहिणी किती, हेही विचारा. खरेदीखतात लिहून देणार म्हणून सगळ्यांची नावं घाला आणि ज्याच्या त्याच्या हिश्श्याचा चेक ज्याच्या त्याच्या खात्यावर काढा. यात तुमचाही फायदा आहे, उद्या दावा होत नाही.

जमातीच्या मंडळींनो, निकाहचं रजिस्टर तुम्ही नीट ठेवता. मयत झाल्यावर चाळिसाव्याच्या बिर्याणीचीही व्यवस्था करता. त्याच दिवसांत पेश-इमामांना बसवून वारसांचे हिस्से एका कागदावर काढून सगळ्यांसमोर वाचा. वाचले तरी अर्धं काम होईल.

बहिणींनो, ज्या दिवशी कागद समोर येईल त्या दिवशी सही करू नका. घरी न्या, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. भावाकडून नको आणि भावाने आणलेल्या मास्तरकडूनही नको.

त्या दोघांना मी जाहिरात लिहून दिली. घराचं वर्णन मनापासून केलं, घर तसं आहेच. शेवटी एक ओळ घातली: व्यवहार आई आणि पाचही मुलांच्या नावे होईल व रक्कम प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे दिली जाईल. हक्कसोडपत्र समजावून सांगायला नकार दिला. थोरला काही न बोलता उठला. धाकटा दारात थांबला आणि पाठीमागे हिशेब लिहिलेला तो कागद घडी करून खिशात ठेवला.

मंगळवारी सह्या झाल्या नाहीत. पुढे काय होईल, सांगता येत नाही. परवा एसटीतून जाताना फाटकावर पाटी दिसली, "घर विकणे आहे". खाली नंबर थोरल्याचा आहे. माझी शेवटची ओळ त्यात नाही. तुमच्यापैकी कुणी तो नंबर लावलाच, तर किमतीच्या आधी विचारा: बहिणी किती?