शुभेच्छांचा कारखाना

माझी एक भाची पनवेलहून रोज लोकलने एका डिजिटल जाहिरात संस्थेत कामाला जाते. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. तसल्या संस्था आता बेलापूर-वाशीपासून अंधेरीपर्यंत जागोजागी आहेत. २४ डिसेंबर २०२५ रोजी दुपारी चार वाजता तिच्या कचेरीत नाताळ साजरा झाला. प्लास्टिकचे झाड, लाल टोप्या, केक, आणि चिठ्ठ्या टाकून एकमेकांना गुपचूप द्यायच्या भेटी, ज्याला 'सिक्रेट सांता' म्हणतात. पाऊण तासात सर्वांचे छायाचित्र निघाले, ते 'आमचे कुटुंब' अशा मथळ्याखाली कंपनीच्या पानावर झळकले, आणि कुटुंब पुन्हा संगणकापुढे जाऊन बसले. कारण दुसऱ्या दिवशीच्या शुभेच्छा ग्राहकांनी अजून मंजूर केल्या नव्हत्या. कोणाला तारा मोठा हवा होता, कोणाला आपले बोधचिन्ह. पोर पनवेलला उतरली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मध्यरात्रीच्या मिस्सेला तिची आई एकटीच गेली.

हे काम काय असते, ते आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक नसेल. वर्षाच्या आरंभी प्रत्येक ग्राहकासाठी, म्हणजे त्यांच्या भाषेत 'क्लायंट'साठी, सणावारांची एक यादी बनते. संक्रांत, गुढीपाडवा, ईद, गणपती, दिवाळी, नाताळ, शिवाय योगदिन आणि मातृदिन. रंगाच्या कंपनीने, पतपेढीने, दातांच्या दवाखान्याने त्या त्या दिवशी लोकांना शुभेच्छा द्यायच्याच, नाहीतर शेजारचा देईल आणि आपण मागे पडू. प्रत्येक शुभेच्छेसाठी एक वाक्य, एक चित्र, आणि मंजुरीच्या चार खेपा. सण जितका मोठा, तितके त्याच्या आदल्या रात्रीचे काम मोठे. दिवाळीच्या सुमारास कचेरीत रांगोळीची स्पर्धा आणि पारंपरिक पोशाखाचा दिवस असतो. पैठणी नेसलेल्या मुली त्याच पैठणीत रात्री दहापर्यंत फराळाच्या जाहिराती करीत बसतात. म्हणजे हा अन्याय केवळ आपल्यावर होतो, असे कोणी मानू नये.

सणांशी या कारखान्याचे नाते किती वरवरचे आहे, याचा एक नमुना सांगतो. २०२५ साली उत्तम शुक्रवार १८ एप्रिलला होता. एका ग्राहकाला 'हॅपी गुड फ्रायडे' असे चित्र हवे होते. हा अभिनंदनाचा दिवस नव्हे, ख्रिस्ताच्या मरणाचा आहे, असे माझी भाची त्यांना फोनवर अर्धा तास समजावीत होती. शेवटी ते म्हणाले, "बरं, मग निदान फुलं तरी घाला."

यावर आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की सणाच्या दिवशीही कोणाला तरी काम करावेच लागते. खरे आहे. २५ डिसेंबर २०२५ रोजीच आपल्या पनवेल तालुक्यातील नव्या विमानतळावरून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. त्या सकाळी तेथे शेकडो हात कामाला होते. परिचारिकेला, मोटरमनला, पोलिसाला सण नसतो, आणि त्याबद्दल आपण त्यांचे ऋणीच आहोत. पण रंगाच्या डब्यावर तारा काढायला रात्री अकरापर्यंत थांबवून घेणे कोणत्या रुग्णाचा जीव वाचवते? ती चित्रे आठवडाभर आधी करून यंत्रात वेळ लावून ठेवता येतात. ती सोय या धंद्यात सर्रास वापरली जाते. उशीर होतो तो ग्राहकाच्या आळसाने आणि त्याला 'नाही' म्हणण्याची मालकात छाती नसल्याने.

दुसरा आक्षेप असा की मुले खूश असतात, केक खातात, कोणी जबरदस्ती करीत नाही. बावीस वर्षांच्या मुलीने पहिल्याच नोकरीत साडेसहाला पिशवी उचलून निघून दाखवावे, मग जबरदस्ती आहे की नाही ते कळेल.

रविवारची सुट्टी या मुलखात कोणी आयती दिलेली नाही. जोतिराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून जी मागणी केली, तिच्यात आठवड्याची सुट्टी अग्रभागी होती. मालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो कामगाराला मोकळा हवा, असे लोखंडे म्हणत असे सांगतात. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवरील आपल्या विश्वपत्रात रविवारी व सणाच्या दिवशी श्रमातून विश्रांती मिळालीच पाहिजे, असे बजावले. एकाने जेजुरीकडे पाहून सांगितले, दुसऱ्याने रोममधून, मागणी एकच. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हेच नाव घेतले आणि त्याचे कारण सांगताना त्या पत्राचा व कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमिकांपुढे उभ्या राहिलेल्या प्रश्नांचा उल्लेख केला. आता चित्रही यंत्र काढते म्हणे. मग माझी भाची लवकर घरी यायला हवी होती. ती येत नाही, कारण चित्रे दुप्पट मागवली जातात.

कायदाही आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्याने कामगाराला वर्षाला सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या दिल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक व कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी मिळून ठरवायच्या आणखी चार. त्या दिवशी कामाला बोलावले तर दुप्पट मजुरी आणि बदली रजा. मात्र हा कायदा मुळात दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता, आणि ती मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. या धंद्यात बारा-पंधरा जणांच्या संस्था कितीतरी आहेत, त्यांचे काय? शिवाय व्यवस्थापकीय पदावरील माणसाला हा कायदा लागू नाही. माझ्या भाचीच्या हाताखाली एकही माणूस नाही, पण तिचे पद 'सोशल मीडिया मॅनेजर' असे आहे. (नुसत्या नावाने कोणी व्यवस्थापक होत नाही, पण हे तिला कचेरीत कोण सांगणार?)

त्या चार दिवसांची बैठक तिच्या कचेरीत कधी झालीच नाही. यादी भिंतीवर लागली, आणि तिच्यात नाताळ होता. तो आदल्या मध्यरात्रीपर्यंत कचेरीत आणि दिवसभर फोनवर गेला. वास्तविक दिवाळीत ख्रिस्ती मुलांनी काम सांभाळावे आणि नाताळात हिंदू मुलांनी, ही अदलाबदल दवाखान्यांतून आपण पाहात आलो आहोत. तिला मालकाचा एक पैसा लागत नाही. कागदावर चार ओळी लिहून वर्षारंभी सर्वांच्या सह्या घेतल्या की झाले.

आता थोडे आपल्याविषयी. मुलगी 'डिजिटल'मध्ये आहे, रात्री बारापर्यंत काम असते, हे आपण मिस्सेनंतर अंगणात कौतुकाने सांगतो. आणि क्लायंट म्हणजे तरी कोण? आपल्यापैकी कित्येकांची दुकाने आहेत, शिकवण्या आहेत, केटरिंग आहे. भाचीने मला त्या रात्रीची यादी दाखवली. दहा वाजल्यानंतर ज्या तिघांनी चित्र बदलायला सांगितले, त्यांपैकी एक आपलाच माणूस निघाला. गोठ्यातल्या बाळावर प्रकाश कमी पडतो, अशी त्याची तक्रार होती. शेवटची दुरुस्ती त्याने साडेदहाला कळवली, फोन बंद केला, आणि मिस्सेला तो माझ्या पुढच्या बाकावर येऊन बसला.

मी त्याला सणाच्या दिवशी काही बोललो नाही. जानेवारीत गाठले आणि पुढच्या नाताळचे चित्र १५ डिसेंबरच्या आत मंजूर करायचे, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले. इतर दोघांची नावे माझ्यापाशी आहेत. पण ते माझ्या ओळखीचे नाहीत.